सगळ्यांचं तापमान ९७.६

आमच्या गेटवरच्या रजिस्टरवर विश्वास ठेवायचा, तर सप्टेंबर २०२० मध्ये कारखान्यातल्या प्रत्येक माणसाचं तापमान रोज सकाळी ९७.६ होतं. मालकांचं तेवढंच, ठेकेदाराच्या पोरांचं तेवढंच, माझंही तेवढंच. ज्यांनी त्या दिवशी दांडी मारली होती त्यांचंही तेवढंच. हे रजिस्टर मी दर शनिवारी सही करून फाइलला लावत होते. वाचत नव्हते.

मी एमआयडीसीतल्या एका मध्यम कारखान्यात एचआर बघते. मशीनचे सुटे भाग बनतात, ६४ कायम कामगार, ३१ ठेक्यावरचे. एचआर म्हटलं की लोकांना काचेची केबिन आठवते. आमच्याकडे एचआर म्हणजे पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा), कॅन्टीनच्या तक्रारी आणि दिवाळीच्या बोनसची भांडणं. कायद्याचं जे काही ज्ञान होतं ते आमच्या वकिलांच्या फोनवर अवलंबून. कोविडच्या त्या दीड-दोन वर्षांत त्यांना इतके फोन केले की शेवटी त्यांच्या मिसेसही माझा आवाज ओळखायला लागल्या.

२५ मार्चपासून देश बंद झाला आणि चारच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयाचा आदेश आला: बंदच्या काळात पगार कापू नका, ठरलेल्या तारखेला पूर्ण द्या. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचा आदेश. ३१ मार्चला राज्याचा शासन निर्णय त्याच अर्थाचा. मार्चचा पगार आम्ही पूर्ण दिला. एप्रिल आला तेव्हा मालकांनी बँकेचं पासबुक माझ्यासमोर ठेवलं. ज्या दोन कंपन्यांना आम्ही माल देतो त्यांच्याकडून एक पैसा आलेला नव्हता. मालक वाईट माणूस नाही. हिशेबी आहे. "मॅडम, आदेश मान्य आहे, पैसे कुठून आणू तेही आदेशात लिहिलंय का बघा," म्हणाले. एप्रिलचा अर्धा पगार 'ॲडव्हान्स' म्हणून दिला आणि उरलेल्याचं काय, हा प्रश्न हवेत लटकत ठेवला.

त्याच मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी वार्षिक पगारवाढीची पत्रं टाइप करून ठेवली होती. १ एप्रिलपासून लागू. फक्त मालकांच्या सह्या राहिल्या होत्या. ती पत्रं तशीच माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गेली.

एप्रिलच्या मध्यावर कारखाने सुरू करण्याच्या हालचाली सुरू झाल्या. १५ एप्रिलच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना दोन जोडपत्रं होती, त्यातलं दुसरं आमच्यासाठी. गेटवर तापमान तपासणी, दोन पाळ्यांमध्ये एक तासाचं अंतर, जेवणाच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वेळी, बसायला सहा फुटांचं अंतर, लिफ्टमध्ये दोन किंवा चार माणसं (आमच्याकडे लिफ्ट नाही, तरी चेकलिस्टमध्ये मी 'लागू नाही' असं ठळक लिहिलं), गुटखा-तंबाखूला बंदी, थुंकायला बंदी, बाहेरून येणाऱ्या कामगारांसाठी गाडी आणि तीही तीस-चाळीस टक्केच भरायची, आणि प्रत्येक कामगाराचा वैद्यकीय विमा.

विम्याचं वाचून मालक उठून बसले. ज्यांचा पगार २१,००० पर्यंत आहे ते ईएसआयमध्ये होतेच. वरच्या सतरा जणांसाठी ग्रुप पॉलिसी घ्यावी लागली. पण त्यांना खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. कारखान्यात एक जरी पेशंट निघाला तर मालकाला अटक होते आणि कारखान्याला तीन महिने सील लागतं, असा मेसेज एमआयडीसीतल्या प्रत्येक मालकाच्या फोनवर फिरत होता. आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम ५१ मध्ये एक वर्षाची शिक्षा आहे, जीव गेला तर दोन वर्षं, आणि कलम ५८ मध्ये कंपनीच्या जबाबदार माणसाला धरता येतं. एवढं खरं, म्हणून पुढचंही सगळ्यांना खरं वाटलं. शेवटी २३ एप्रिलला गृह मंत्रालयालाच खुलासा करावा लागला की असं काही आदेशात नाही. मालकाच्या संमतीने, त्याला माहीत असून किंवा त्याच्या निष्काळजीपणामुळे गुन्हा घडला तरच कारवाई. मी तो खुलासा छापून त्यांच्या टेबलावर ठेवला. 'निष्काळजीपणा' या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारली. तेव्हा ती रेघ मला हुशारीची वाटली होती.

मेच्या पहिल्या आठवड्यात बावीस माणसांवर कारखाना सुरू झाला.

आणि लगेच पहिला पेच पडला, तो मात्र नव्या आदेशांचा नव्हता. दोन पाळ्यांमध्ये तासाचं अंतर ठेवायचं म्हणजे पाळीची वेळ बदलायची. तेव्हा लागू असलेला औद्योगिक विवाद कायदा १९४७ चा. त्याचं कलम ९-अ सांगायचं की कामाचे तास, पाळ्या असं काही बदलायचं तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्या. केंद्र म्हणतं उद्यापासून बदला, १९४७ म्हणतं तीन आठवडे थांबा. मी वकिलांना फोन लावला. ते हसले. "युनियनशी करार करा. करारानं बदललं तर नोटीस लागत नाही, त्याच कलमात सोय आहे." आमची युनियन अंतर्गत आहे, सेक्रेटरी टूलरूममधला. त्यांनी पाळीच्या वेळेला एका मिनिटात होकार दिला आणि पुढच्या मिनिटाला विचारलं, "मॅडम, एप्रिलच्या अर्ध्या पगाराचं काय? आणि पगारवाढीचं?"

कोण कामावर आलं नाही, याचा हिशेब हे माझं सगळ्यात डोकं खाणारं काम होतं. ३० एप्रिलला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अलाइन कंपोनंट्सच्या प्रकरणात सांगितलं होतं की बंदच्या काळात 'काम नाही तर पगार नाही' लावता येणार नाही. पण बंद शिथिल झाल्यावर ज्यांनी यायला हवं ते स्वतःहून आले नाहीत, तर रीतसर पद्धत पाळून त्या दिवसांचा पगार कापता येईल. मालकांना हे दुसरं वाक्य तोंडपाठ झालं. पण 'स्वतःहून' कोण, हे ठरवायचं कुणी? मस्टरमध्ये एकच खूण असते, गैरहजर. मी वहीत तीन रकाने आखले: येऊ शकत नाही, येऊ इच्छित नाही, येऊ नये. पहिल्यात ज्यांच्या बिल्डिंगला पत्रे ठोकलेत ते. त्यांनी पत्र्यांचे फोटो पाठवले, मी ते पुरावा म्हणून छापून लावले. एस.टी. बंद म्हणून गावात अडकलेले त्याच रकान्यात. तिसऱ्यात ६५ च्या वरचे, आजार असलेले, आणि पाच वर्षांखालच्या मुलांचे आईबाप. पहिल्या जोडपत्रात या सगळ्यांना घरून काम करायला प्रोत्साहन द्या असं होतं. घरून काम! आमच्या पॅकिंगमधल्या ताईंचा मुलगा तीन वर्षांचा. बॉक्सला पट्ट्या मारायचं काम घरून कसं करणार? शेवटी त्यांना तपासणीच्या रिपोर्टांची जुनी रजिस्टरं फोनवरून टाइप करायला दिली. सव्वा महिना त्यांनी ती मुलाला मांडीवर घेऊन टाइप केली. त्यातल्या निम्म्या नोंदींची कुणालाच गरज नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

मधला रकाना, 'येऊ इच्छित नाही', जवळजवळ रिकामा राहिला. दोन नावं. त्यातल्या एकाला मी नोटीस पाठवली, टपालाचा भरवसा नाही म्हणून व्हॉट्सॲपवर. निळ्या खुणा आल्याच नाहीत. वकील म्हणाले, वाट बघा, आत्ता चार्जशीट दिली तर लेबर कोर्टात पहिला प्रश्न येईल की हा माणूस भित्रा होता की घाबरलेला. मला दोन्हींतला फरक विचारायचा होता, पण मी फोन ठेवला. दहा दिवसांनी तो माणूस आपण होऊन कामावर आला. आईला क्षय आहे, म्हणाला. नाव रकाना बदलून लिहिलं.

ठेकेदाराच्या माणसांचं वेगळंच. १ मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या आणि आमची एकवीस पोरं आठवड्यात गेली. ठेकेदाराचा फोन बंद. त्यातल्या अकरा जणांचा मार्चचा पगार त्याच्याकडून मिळालेलाच नव्हता, हे ती पोरं गेल्यावर कळलं. मालकांचं म्हणणं, आपण ठेकेदाराला चेक दिलाय, आपला संबंध संपला. संपत नाही. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट १९३६ चा. त्यात तेव्हा स्पष्ट होतं, ठेकेदारानं दिला नाही तर पगार द्यायची जबाबदारी मालकावर. मग एकेकाला फोन लावून खातं मागितलं. पासबुकाच्या पहिल्या पानाचे फोटो आले, बहुतेक हलवून काढलेले. एकानं आयएफएससीचा शून्य आणि इंग्रजी ओ यांत घोळ केला आणि पैसे परत आले. दुसऱ्यांदा टाकले तेव्हा त्याचा फोन आला, गावच्या बँकेबाहेरच्या रांगेतून. 'मिळाले' एवढंच म्हणाला. पुढे ठेकेदार सापडला तेव्हा मालकांनी ती रक्कम त्याच्या बिलातून वळती केली. ते कायद्याला मंजूर आहे, आणि मलाही.

आरोग्य सेतूचा किस्सा थोडक्यात. १ मेच्या आदेशात सगळ्या कर्मचाऱ्यांच्या फोनवर ते ॲप असणं सक्तीचं होतं आणि त्याची जबाबदारी संस्थेच्या प्रमुखाची. आमच्याकडे निम्म्या लोकांकडे बटणांचे फोन. मालक प्रत्येकाला स्मार्टफोन घेऊन देण्याच्या कल्पनेनं आजारीच पडणार होते, तोवर १७ मेला सक्ती जाऊन 'शक्य तितका प्रयत्न करा' आलं. त्याच १७ मेच्या आदेशानं, १८ पासून, २९ मार्चचा पगाराचा आदेशही संपला. तो वाचला त्या संध्याकाळी मालकांनी मला पेढा दिला. मी तो घेतला आणि खाल्ला. युनियनच्या सेक्रेटरीसमोर खाल्ला नाही, एवढंच.

पण गेलेल्या दिवसांचं काय? २५ मार्च ते १७ मे, चौपन्न दिवस. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानं फिकस पॅक्सच्या प्रकरणात सांगितलं की मालकांवर तूर्त सक्तीची कारवाई नको, मालक आणि कामगारांनी बसून तोडगा काढावा, जमलं नाही तर कामगार खात्याकडे जावं, आणि ज्यांना काम करायचंय त्यांना या वादामुळे अडवू नये. आमच्या मालकांनी याचा अर्थ काढला 'द्यायचे नाहीत'. सेक्रेटरीनं काढला 'द्यायलाच हवेत, फक्त किती ते ठरवायचंय'. दुसरा अर्थ बरोबर होता, पण तो मालकांना सांगायचं काम माझं.

चार बैठका झाल्या. कॅन्टीनमध्ये, खिडक्या उघड्या, प्रत्येक टेबलाला एक माणूस, त्यामुळे सगळेच ओरडून बोलत होते आणि भांडण चालू आहे असं बाहेरच्यांना वाटत होतं. मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या पाऊण हिश्श्यावर तडजोड झाली, तीन हप्त्यांत. पाळीच्या वेळा त्यातच घातल्या. अडलं पगारवाढीवर. युनियनला १ एप्रिलपासून हवी होती, थकबाकीसकट. मालक म्हणत होते पुढच्या वर्षी. मी मध्यस्थी करून १ ऑक्टोबर ठरवली, मागची थकबाकी नाही. जुलैमध्ये सह्या झाल्या, प्रत कामगार कार्यालयात दिली. मला वाटलं, चला, निदान एक तरी कागद नीट झाला.

सह्यांच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरमधले मामा आले. बावीस वर्षांची नोकरी, वय छप्पन, मधुमेह. सगळा कारखाना त्यांना मामा म्हणतो, मालकसुद्धा. मामांचं नाव माझ्या 'येऊ नये' रकान्यात होतं, तरी ते मेपासून रोज येत होते. स्टोअरच्या चाव्या दुसऱ्याकडे द्यायला तयार नव्हते. तेव्हा मी काय केलं होतं? एका कोऱ्या कागदावर त्यांच्याकडून लिहून घेतलं होतं, 'मी माझ्या इच्छेने कामावर येत आहे, मला काही झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही.' सही, तारीख, दोन साक्षीदार. असे नऊ कागद माझ्या फाइलला होते आणि मला त्यांचा फार आधार वाटायचा.

मामा म्हणाले, "ताई, माझं वाढीचं पत्र तयार होतं म्हणे. बघू तरी दे."

ड्रॉवर उघडून दाखवलं. त्यांचा पगार २०,६०० होता, १ एप्रिलपासून २१,९०० होणार होता. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते दोनदा वाचलं, घडी होऊ न देता परत दिलं. "ऑक्टोबर काय, आलाच," म्हणाले.

याच जुलैत आमच्याकडे पहिला पॉझिटिव्ह निघाला, सीएनसी मशीनवरचा मुलगा. आणि मी त्या वर्षातली माझी सगळ्यात मोठी चूक केली. कारखान्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, 'आपल्या कारखान्यातील श्री. अमुक यांचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे. संपर्कातील सर्वांनी…' पूर्ण नाव, विभाग, पाळी. हेतू चांगला होता वगैरे सगळं खरं. दोन तासांत तो मेसेज त्याच्या चाळीच्या ग्रुपवर होता. सतरा दिवसांनी तो बरा होऊन आला तेव्हा मशीनवर न जाता आधी माझ्याकडे आला. "मॅडम, बायकोला नळावर पाणी भरू देत नव्हते. माझं नाव लिहायची गरज होती का?"

गरज नव्हती. आरोग्य खात्याला नाव द्यायचं होतं, त्याच्या शेजारच्या चार मशीनवाल्यांना फोन करून सांगायचं होतं. बाकी साठ जणांना 'एक सहकारी' एवढं पुरे होतं. माणसाच्या तब्येतीची माहिती ही संवेदनशील माहिती असल्याचं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांत आहे, आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्येच सांगून ठेवलंय. तो मुलगा कोर्टात गेला नाही. गेला असता तर त्याचं बरोबर होतं. त्याच्या आजारपणाचे दिवस ईएसआयच्या आजारपणाच्या भत्त्यात बसले, सत्तर टक्क्यांनी. उरलेले तीस टक्के मी मालकांकडून मागून घेतले. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही, त्यांनीही तो मेसेज वाचला होता.

मालकांना मध्येच बारा तासांच्या पाळीची हुक्की आली होती. काही राज्यांनी एप्रिल-मे महिन्यांत कारखान्यांना तशी सूट दिली होती. गुजरातमध्ये तर जादा तासांना साध्याच दरानं पैसे. १ ऑक्टोबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं गुजरातच्या त्या अधिसूचना रद्द केल्या. महामारी म्हणजे कारखाने अधिनियमातली 'सार्वजनिक आणीबाणी' नव्हे, असं म्हणून. आमच्याकडे तोवर तो विषय मागे पडला होता, कारण बारा तास उभं राहायला माणसंच नव्हती.

मामांना ३ सप्टेंबरला ताप आला. ५ ला दवाखान्यात, १९ ला गेले.

स्टोअरमधले आणखी दोघं त्याच आठवड्यात पॉझिटिव्ह होते. तेराव्यानंतर मामांचे मेव्हणे आले, सोबत त्यांच्या ओळखीचे एक वकील. आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, माणसाला साखर होती, तुम्हाला माहीत होतं, तुम्ही कामावर घेतलं. लागण इथेच झाली.

मी नऊ कागदांची फाइल घेऊन आमच्या वकिलांकडे गेले. त्यांनी मामांचं संमतिपत्र वाचलं आणि बाजूला सरकवलं. "याला किंमत नाही. कामगाराच्या आरोग्याची जबाबदारी कारखाने अधिनियमाच्या कलम ७-अ नं मालकावर टाकलीय. कामगारानं सही करून ती उतरत नाही. उलट यावरून एवढंच सिद्ध होतं की धोका तुम्हाला माहीत होता." मग नुकसानभरपाईचं सांगितलं. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ चा, पण मामा ईएसआयमध्ये असल्यामुळे तो दावा मालकावर चालणार नाही, ईएसआयचं कलम ५३ आडवं येतं. ईएसआयकडे कामावरची इजा म्हणून मागायचं तर लागण कामामुळे आणि कामाच्या ओघात झाली हे दाखवावं लागेल. हवेतून येणाऱ्या रोगात ते दाखवायचं कसं?

"गेटचं रजिस्टर आणलंय का?" त्यांनी विचारलं.

आणलं होतं. त्यांनी सप्टेंबर उघडला. ९७.६, ९७.६, ९७.६. बोट खाली नेत गेले. ७ सप्टेंबर, मामांचं नाव, ९७.६. ८ सप्टेंबर, मामांचं नाव, ९७.६. त्या दोन्ही दिवशी मामा दवाखान्यात ऑक्सिजनवर होते. वॉचमन मस्टरवरून नावं उतरवून घ्यायचा आणि पुढे एकच आकडा. नंतर कळलं, तापमापक गनचे सेल ऑगस्टमध्येच संपले होते. मागणीची चिठ्ठी स्टोअरला आली होती. मामांच्याच हातची, 'शिल्लक नाही, मागवणे' असा शेरा होता. खरेदीकडे ती चिठ्ठी गेली की नाही हे कुणालाच आठवेना.

'निष्काळजीपणा' शब्दाखालची माझी पेन्सिलीची रेघ मला त्या खुर्चीत बसून आठवली.

मालक फोनवर म्हणाले, "नवीन रजिस्टर लिहून घ्या, सेल घालून." मी काही बोलायच्या आत वकिलांनी फोन हातातून घेतला. "रजिस्टर चुकीचं आहे तो निष्काळजीपणा. बदललंत तर खोटा पुरावा. दुसऱ्यासाठी मी उभा राहणार नाही." रजिस्टर तसंच राहिलं. मी ७ आणि ८ तारखेच्या नोंदींसमोर लाल शाईनं लिहिलं, 'सदर कर्मचारी या दिवशी रुग्णालयात दाखल होते, नोंद चुकीची आहे', खाली सही आणि त्या दिवसाची तारीख. मेव्हण्यांनी मागितली तेव्हा त्या पानाची झेरॉक्स दिली. मालक आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले.

दावा दाखल झाला नाही. कारण मला माहीत नाही. ग्रॅच्युइटी, पीएफ आणि पीएफमधल्या विम्याचे पैसे वेळेत मिळाले हे एक असेल, दमले असतील हेही असेल.

२०२१ चं लांबवत नाही. एप्रिलमध्ये 'ब्रेक द चेन'चे निर्बंध, दर पंधरा दिवसांनी तपासणीचे दाखले, मग लशी. एका वेल्डरनं लस घ्यायला नकार दिला, त्याला वेगळ्या शेडमध्ये काम दिलं. मालकांना त्याला काढायचं होतं, मी कागद पुढे-मागे करत राहिले. २ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कुणावर लशीची सक्ती करता येत नाही. वेल्डरनं तो निकाल मला फॉरवर्ड केला, खाली नमस्काराचा हात.

मधली गोष्ट जून २०२१ ची. कर्मचारी राज्य विमा महामंडळानं कोविड मदत योजना आणली. ईएसआयमधला कामगार कोविडनं गेला तर त्याच्या आश्रितांना त्याच्या सरासरी पगाराच्या नव्वद टक्के पेन्शन. लागण कुठे झाली हे सिद्ध करायचं नाही. लागू २४ मार्च २०२० पासून, म्हणजे मागच्या मृत्यूंनाही. अट अशी की आजाराचं निदान झालं त्या दिवशी माणूस ईएसआयमध्ये आणि नोकरीत हवा, आणि आधीच्या वर्षात किमान सत्तर दिवसांची वर्गणी भरलेली हवी.

मी मामांचा फॉर्म भरायला बसले. पगाराच्या रकान्यात २०,६०० लिहिलं आणि थांबले.

ईएसआयची मर्यादा २१,०००. एप्रिलमध्ये नवा वर्गणी-काळ, म्हणजे वर्गणीची नवी सहामाही, सुरू होतो. ते पत्र सही होऊन १ एप्रिलला लागू झालं असतं, तर मामा त्याच दिवशी ईएसआयच्या बाहेर पडले असते. तेराशे रुपयांच्या वाढीनं. युनियनची मागणी मान्य होऊन मागच्या तारखेनं वाढ दिली असती, तरी बहुधा तेच. मी चार बैठकांमध्ये भांडून जी तारीख पुढे ढकलली होती, आणि जिच्याबद्दल मामांपुढे मला मान वर करता आली नव्हती, तिच्यामुळे हा फॉर्म भरता येत होता.

हे मी मालकांना सांगितलं नाही. सेक्रेटरीलाही नाही.

मामी सह्या करायला आल्या. अंगठ्याशेजारी सही करतात, सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं. सगळे कागद झाल्यावर म्हणाल्या, "यांचं पगारवाढीचं पत्र आलं होतं म्हणत होते. शेजारीपाजारी सांगितलं होतं त्यांनी. ते मिळेल का?"

ड्रॉवर उघडला. पत्र तिथेच होतं. त्यावर कुणाची सही नव्हती, जावक क्रमांक नव्हता, कारखान्याच्या लेखी तो कागद कधी निघालाच नव्हता. त्यामुळे तो द्यायला मला कुणाला विचारावं लागलं नाही. पाकिटात घालून दिला.